रील चालते, पण गल्ल्यात फरक नाही: कोल्हापुरी चपलांच्या दुकानासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर वडिलांचं चपलांचं जुनं दुकान आहे. माल हातचा, कारागीर ठरलेले. गेलं वर्षभर तुम्ही इन्स्टाग्रामवर नेमाने रील टाकता आहात, त्यातल्या एकदोन खूप चालल्या, फॉलोअर दहा हजारांच्या वर गेले. पण विक्री होती तिथेच आहे. आता एक एजन्सी म्हणते की महिन्याला बारा रील करून देतो आणि फॉलोअर वाढवून देतो. पैसे द्यावेत का? आणि वडील कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत, त्याचं काय करायचं?

एजन्सीचं शेवटी सांगतो, कारण त्याआधी दुकानात काही गोष्टी जागेवर यायला हव्यात. मिठाईवाले, पैठणीवाले, हापूसचे बागायतदार अशा दुकानदारांची ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दुखणं एकच निघतं: विचारायला माणूस येतो आणि उत्तर न मिळता परत जातो. रील बघणारे कमी पडत नाहीत. विचारणाऱ्यांची दखल कमी पडते.

तुमचं पान मी नीट पाहिलं. सगळ्यात जास्त चाललेल्या रीलखाली लोकांनी विचारलंय: किंमत किती, ८ नंबर आहे का, पुण्याला पाठवता का, दुकान नक्की कुठे. आणि प्रत्येकाला तुमचं उत्तर एकच, 'प्लीज डीएम करा'. तुमची विक्री इथे अडली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत उघड लिहायला दुकानदार का कचरतात ते मला ठाऊक आहे. शेजारच्याला कळेल, गिऱ्हाईक आकडा बघूनच पळेल, घासाघीस करायला जागा राहणार नाही. पण शेजारच्याला तुमचा भाव आधीपासून माहीत आहे, त्याचा अर्धा माल तुमचा येतो त्याच गल्लीतून येतो. आकडा बघून जो पळणार, तो इनबॉक्समध्ये आकडा ऐकूनही पळणारच, वर तुमची दहा मिनिटं घेऊन. आणि ज्याला खरंच घ्यायची आहे तो रात्री साडेदहाला विचारतो, तुमचं उत्तर सकाळी दुकान उघडल्यावर जातं, तोवर त्याने दुसरीकडे पैसे भरलेले असतात किंवा विषय डोक्यातून गेलेला असतो. शिवाय शंभरातल्या बऱ्याच जणांना अनोळखी दुकानाला खाजगी मेसेज करायचा संकोच वाटतो. ते विचारत नाहीत, नुसते पुढे सरकतात.

म्हणून आजच्या आज जुन्या पन्नास-साठ पोस्ट उघडा आणि कॅप्शन बदला. सध्या तुमच्या एका पोस्टवर लिहिलंय, 'कोल्हापूरची शान, आमची पायताण' आणि खाली वीस हॅशटॅग. ते वाचायला बरं आहे, पण त्यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'कापशी चप्पल, पुरुषांसाठी. तळ म्हशीच्या चामड्याचा, खिळा एकही नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. ६ ते ११ नंबर तयार आहेत. किंमत १,८०० रुपये, कुरिअर वेगळं. दुकान सकाळी १० ते रात्री ९, सोमवारी बंद. नंबर कसा मोजायचा ते आमच्या पानावर पहिल्याच व्हिडिओत दाखवलंय.' आकडे तुमचे घाला. एखादी जोड महाग असेल तर का महाग ते एका ओळीत सांगा: वेणी किती बारीक आहे, तळाला किती थर आहेत, कारागिराचे किती दिवस गेले. किंमत लपवली की लोकांना ती जास्त वाटते. कारण सांगितलं की तोच आकडा पटतो.

आता ज्या गोष्टीकडे तुम्ही अजून वळलाच नाहीत ती, गूगल मॅप. सोशल मीडिया म्हटलं की इन्स्टाग्राम आणि फेसबुक एवढंच डोळ्यांसमोर येतं, पण तुमच्या दुकानाच्या जागेचा विचार करा. देवदर्शन करून बाहेर पडलेलं कुटुंब, नांदेडचं असो, नागपूरचं असो वा हैदराबादचं, फोन काढून मॅपवर 'कोल्हापुरी चप्पल' एवढंच टाकतं. त्यांना तासाभरात चप्पल घ्यायची आहे आणि खिशात पैसे आहेत. याहून पक्कं गिऱ्हाईक जगात नाही. तो माणूस त्या वेळी इन्स्टाग्राम उघडत नाही. आणि मॅपवर तुमच्या दुकानाची खूण मागच्या बोळात पडली आहे, फोटो एकच आहे, तोही कुणा गिऱ्हाइकाने काढलेला, वेळ लिहिलेली नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. दुकान तुमचंच आहे हे सिद्ध करायला हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतलं दुकान आणि तुम्ही कुलूप उघडताना किंवा गल्ल्यामागे काम करताना एका सलग चित्रीकरणात दाखवायचं. नाव पाटीवर आहे तसंच्या तसं घाला. 'बेस्ट ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल शॉप' अशी शेपूट नावाला जोडणारे पुष्कळ आहेत, पण ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि कुणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. खूण बोटाने ओढून बरोबर दारावर आणा. सणाच्या वेळा वेगळ्या भरा, विशेषतः नवरात्रातल्या, कारण त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि लोक आधी मॅप बघूनच निघतात. वर्णनात गाडी कुठे लावायची ते लिहा. बिंदू चौकात लावून तुमच्याकडे कसं चालत यायचं, हे एक वाक्य बाहेरगावच्या माणसाला चपलेच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. फोटो घालताना पहिला फोटो रस्त्याच्या पलीकडून काढलेला हवा, ज्यात तुमची पाटी आणि शेजारची ठळक खूण दोन्ही दिसतील.

मॅपवर कोण वर दिसणार हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचं दुकान किती जुळतं, ते शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि त्याचा बोलबाला किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. जुळणी वरच्या माहितीने होते. बोलबाल्यात परीक्षणांचा मोठा वाटा असतो आणि तिथे बहुतेक दुकानदार चुकीचा रस्ता धरतात. परीक्षण लिहिलं तर पन्नास रुपये कमी, अशी पाटी लावू नका. परीक्षणाच्या बदल्यात काही देणं गूगलला चालत नाही, आणि तशी परीक्षणं वाचणाऱ्यालाही ओळखू येतात. गिऱ्हाईक नवी चप्पल घालून दोन पावलं चालून बघतं, 'बसली बघा मस्त' म्हणतं, त्या क्षणी वडिलांनी नुसतं म्हणावं, 'तेवढं गूगलवर लिहा की, लांबच्या लोकांना कळतं.' क्यूआर कोड गल्ल्याजवळ चिकटवलेला असावा. एवढं पुरतं. आणि आलेल्या प्रत्येक परीक्षणाला उत्तर द्या. वाईटाला तर आधी द्या. तुमच्या प्रोफाइलवर एकाने लिहिलंय की महिन्यात पट्टा निघाला. तिथे वाद घालू नका. 'जोड घेऊन या, किंवा कुरिअरने पाठवा, वादी बदलून शिवून देऊ, शिवायचे पैसे नाहीत' असं लिहा आणि खरोखर शिवून द्या. पुढचे शंभर जण ती तक्रार विसरतील, पण उत्तर लक्षात ठेवतील.

यानंतर व्हॉट्सॲप बिझनेस. दुकानाचा नंबर वेगळा घ्या, घरच्या नंबरवर हे चालवू नका. त्यात कॅटलॉग असतो, पाचशेपर्यंत वस्तू बसतात. तुम्हाला तीस पुरेत, पण प्रत्येकीला किंमत आणि नंबर लिहिलेले हवेत. वारंवार लागणारी उत्तरं झटपट उत्तरांमध्ये साठवून ठेवा, म्हणजे '/' टाकून उत्तर निवडलं की पूर्ण मजकूर तयार मिळतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असतानाही फोनवरचं माणूस ताटकळत नाही. लेबलं लावा: 'पैसे आले', 'पाठवायचं आहे', 'नंबर विचारला'. ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, एक गोष्ट ठाऊक असू द्या. एका यादीत २५६ लोक बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून बिलावर आणि पिशवीवर नंबर छापून 'साठवून ठेवा, दुरुस्तीला उपयोगी पडेल' असं लिहा. दुरुस्तीचं कारण असलं की लोक साठवतात. आणि रोज 'शुभ सकाळ' पाठवू नका. महिन्यातून दोनदा, काही नवीन आलं असेल तरच पाठवा. नाहीतर लोक ब्लॉक करतात आणि ते गिऱ्हाईक कायमचं जातं.

बाहेरगावी पाठवण्यात तुमची खरी डोकेदुखी नंबरची आहे. कोल्हापुरीचा नंबर बुटाच्या नंबराशी बरोबर जुळत नाही, पाय रुंद असेल तर आणखी घोटाळा. परत आलेली प्रत्येक जोड दोन्ही बाजूंचं कुरिअर खाते. यासाठी एकच व्हिडिओ नीट करा आणि तो इन्स्टाग्रामवर सगळ्यात वर पिन करा, तिथे तीन पोस्ट पिन करता येतात. व्हिडिओत काय दाखवायचं: जमिनीवर कोरा कागद, त्यावर उभं राहून पूर्ण वजन टाकलेला पाय, पेन्सिल सरळ धरून आखलेली कड, मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत पट्टी, आणि चवड्याशी जिथे पाय सगळ्यात रुंद आहे तिथे दुसरं माप. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. गिऱ्हाइकाने त्या कागदाचा पट्टीसकट फोटो पाठवला की नंबर वडील ठरवतील. त्यांची नजर कुठल्याही तक्त्याहून पक्की आहे. दुसरी पिन केलेली पोस्ट दुकानाचा रस्ता, तिसरी चपलेची निगा.

आता रील. त्या बंद करू नका, पण त्यांचं काम बदला. दुकानात शंभरदा विचारले जाणारे प्रश्न हाच तुमचा मालमसाला आहे. पहिल्या दिवशी चप्पल का चावते? तेल कुठलं आणि कुठे लावायचं? भिजली तर उन्हात वाळवायची की सावलीत? करकर आवाज मुद्दाम काढतात का? चपलेला कान कशाला असतात? एकेका प्रश्नाला एकेक रील, तीस-चाळीस सेकंदांची, आणि प्रश्न पहिल्या दोन सेकंदांतच पडद्यावर मोठ्या अक्षरांत आला पाहिजे. ट्रेंडिंग गाण्याच्या मागे लागू नका. व्यावसायिक खात्याला बरीचशी चित्रपटगीतं मिळत नाहीत आणि दुसरीकडून उचलून लावली तर आवाज बंद केला जातो. तुमच्याकडे स्वतःचा आवाज आहेच: फरशीवर चालणाऱ्या कोल्हापुरीची करकर, चामडं ठोकतानाचा ठोका, वादी ओढतानाचा चर्र. तो जवळून, शांत वेळी टिपा. त्यावर गाणं घालू नका.

इथेच वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांना चेहरा दाखवायचा नसेल तर आग्रह करू नका, तो त्यांचा हक्क आहे. त्यांचे हात आणि आवाज घ्या. मोबाईल तिवईवर, दारापाशी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, जेव्हा उजेड आडवा येतो आणि चामड्याचा पोत उठून दिसतो. ट्यूबलाइटखाली तेच चामडं मळकट, हिरवट दिसतं आणि मग 'फोटोत वेगळा रंग होता' अशी तक्रार येते. काढण्याआधी लेन्स रुमालाने पुसा, दुकानात तिला तेलकट बोट लागलेलंच असतं. वडिलांना 'काहीतरी बोला' म्हणू नका. हातात एक चप्पल द्या आणि विचारा, 'ही का मोडली असेल?' ते आपसूक बोलायला लागतील, वेणी कुठे सुटली, तळ कुठे झिजला, मालक कसा चालत असेल ते सांगतील. अशा बोलण्यातली पाच मिनिटं कापून तीन रील होतात. त्यांची कोल्हापुरी बोली आहे तशी राहू द्या, खाली मराठी अक्षरं द्या, आणि बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकासाठी हिंदीतही एक ओळ. कारागिराचं काम दाखवताना त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांचं नावही लिहा. चप्पल तुम्ही विकता, करतात ते. ते लपवलं तर मला पटणार नाही.

एका बाबतीत फार काटेकोर राहा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, उगमाचा उल्लेख सुरुवातीला केला नाही, आणि त्यावर जो गदारोळ झाला त्याने जगभर या चपलेचं नाव झालं. त्या लाटेवर तुम्हीही रील केल्यात, त्यात चूक नाही. पण तुम्ही त्यात 'जीआय मानांकित' आणि 'फक्त कोल्हापुरातच बनते' असं लिहिलंय. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यानपिढ्या ही चप्पल करतात आणि तुमच्याच बाजारपेठेत त्यांचा माल येतो. तेव्हा 'फक्त' हा शब्द काढा. आणि मानांकनाचं नाव आपल्या मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती आधी करून घ्या, मग अभिमानाने लिहा. तुमच्या दुकानात रेक्झिनच्या आणि यंत्रावरच्या स्वस्त जोड्याही आहेत. त्या विकायला हरकत नाही, पण त्यांच्या पोस्टवर 'यंत्रावरची, रोजच्या वापराला' असं साफ लिहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं आणि रेक्झिन यांत फरक काय, तो हाताने वाकवून दाखवणारी एक रील करा. असं खरं बोलणारं दुकान लोक लक्षात ठेवतात.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे ठेवा. कोल्हापूरच्या पावसात चामड्याची चप्पल कुणी घेत नाही, तेव्हा जून ते ऑगस्ट निगा, दुरुस्ती आणि कारागिरांचं काम दाखवा. गणपती झाले की नवरात्रातल्या पर्यटकांसाठी रस्ता, वेळ आणि गाडीची माहिती. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, तेव्हा नवरदेवाच्या जोड्या, आणि 'लग्नाआधी पंधरा दिवस घरात घालून पायाला सवय करा' हा सल्ला आवर्जून द्या. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांचे पारंपरिक दिवस. आठवड्याला दोन चांगल्या पोस्ट आणि रोजचं व्हॉट्सॲप स्टेटस, एवढं एका माणसाला दुकान सांभाळून जमतं. त्याहून जास्तीचा संकल्प महिन्याभरात गळतो.

काय चाललं ते ओळखायला गल्ल्याजवळ एक वही ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचं, 'कुठून कळलं?' आणि एक अक्षर लिहायचं: मॅपसाठी म, इन्स्टासाठी इ, ओळखीतून आला तर ओ. गूगलचं प्रोफाइल स्वतःहून दाखवतं की किती जणांनी फोन केला आणि किती जणांनी रस्ता विचारला. ते दोन आकडे आणि वही, दर सोमवारी बघा. फॉलोअरचा आकडा महिन्यातून एकदा बघितला तरी चालेल. माझा अंदाज आहे की तुमच्या वहीत 'म' सगळ्यात वेगाने वाढेल.

जाहिरातीला पैसे यानंतर घाला, आधी नाही. आणि घालाल तेव्हा नुसतं 'बूस्ट' बटण दाबू नका. मेटाच्या, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीच्या, जाहिरातींत असा प्रकार आहे की दाबल्यावर थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं, तो निवडा. नंबर मोजायच्या किंवा नवरदेवाच्या जोडीच्या रीलवर, लग्नसराईत, पुणे-मुंबई-सांगली एवढ्याच भागात, रोजच्या छोट्या रकमेने आठवडाभर चालवून बघा. रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशेबात धरा. जाहिरात चालू असताना फोन कुणाकडे आहे हे आधी ठरवा. स्थानिक इन्फ्लुएन्सरला चप्पल फुकट दिली तर त्याने ती जाहिरात आहे असं पोस्टवर स्पष्ट लिहायला हवं, तसा नियम आहे.

पैशाच्या व्यवहारात वडिलांना दोन गोष्टी पक्क्या सांगून ठेवा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात दिसल्यावरच माल बांधायचा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. मोठी ऑर्डर देतो म्हणून क्यूआर पाठवणारा 'अधिकारी' हमखास भामटा असतो.

आता एजन्सी. महिन्याला बारा रील आणि फॉलोअर या करारावर पैसे देऊ नका. तुमच्या दुकानाला आणखी फॉलोअरची गरज नाही आणि विकत आणलेले फॉलोअर तर चप्पल घेणारच नाहीत. मदत हवीच असेल तर महिन्यातून एक दिवस चित्रीकरण आणि काटछाट करून देणारा कोल्हापुरातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी बघा. कमेंटला आणि मेसेजला उत्तरं मात्र दुकानातूनच गेली पाहिजेत, ते काम बाहेर देऊ नका. कुणालाही काम दिलं तरी खातं, गूगल प्रोफाइल आणि जाहिरातीचं खातं तुमच्या नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर राहू द्या. त्यांना फक्त काम करण्यापुरती परवानगी द्या, ती नंतर काढता येते. खाती एजन्सीच्या नावावर असल्यामुळे करार संपल्यावर वर्षांची मेहनत गमावलेली दुकानं मी पाहिली आहेत. दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा. 'कॉपीराइट भंग झालाय, चोवीस तासांत खातं बंद होईल' असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका, ॲपमध्ये स्वतः जाऊन सूचना तपासा.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात मॅपवरची खूण, वेळा आणि फोटो, पुढच्या आठवड्यात जुनी कॅप्शनं आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, त्यानंतर नंबर मोजायचा व्हिडिओ. तीन महिने वही भरा आणि मग तिच्यातले आकडे घेऊन परत विचारा. तेव्हा जाहिरातीला किती पैसे घालायचे ते नेमकं सांगता येईल.